गुडघ्यावरची सूज, रात्रीचा ठणका आणि बायोप्सीची भीती : हाडांच्या कॅन्सरबद्दल तातडीने माहिती हवी आहे

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.
माझा भाचा, वय १४, कराडजवळ राहतो, कबड्डी खेळतो. दिवाळीच्या आधीपासून उजव्या गुडघ्याच्या जरा वर दुखतंय. खेळताना आपटला असेल म्हणून आधी बाम झाला, मग एका हाडवैद्याकडे मालीश आणि लेपाची पट्टी. दुखणं रात्री वाढतं, पोरगं झोपेतून उठून बसतं. आता तिथे टणक सूज आहे, हात लावला की गरम लागते. परवा एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये ‘ऑस्टिओसार्कोमाची शक्यता, एमआरआय आणि बायोप्सी करावी’ असं लिहून आलंय. ऑस्टिओसार्कोमा म्हणजे हाडाचा कॅन्सर, आणि बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं.
घरात दोन तट पडलेत. दाजींचे वडील, नाना, म्हणतात सुई टोचली की गाठ खवळते आणि अंगभर पसरते, पोराला टोचू देणार नाही. इथले एक सर्जन म्हणतात उद्याच ॲडमिट करा, उघडून तुकडा घेतो, जमलं तर गाठच काढून टाकतो. ताईला काही सुचत नाहीये. मला आज रात्री तिला फोनवर काहीतरी ठाम सांगायचंय. कोणी यातून गेलंय का? डॉक्टर मंडळींनी कृपया लिहा.

अस्थिपंजर
कृष्णाकाठताई, मी अस्थिरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. पोराला तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण उद्याचं ॲडमिशन थांबवायला सांगा. बायोप्सी टाळायची नाही, ती फक्त तिथे आणि उद्या करायची नाही.
सुई ज्या वाटेने गाठीत जाते त्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडू शकतात. म्हणून पुढच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये ती अख्खी वाट गाठीबरोबर कापून काढतात. याचा अर्थ, मोठं ऑपरेशन करताना छेद कुठून जाणार हे ठाऊक असलेल्या माणसानेच सुईची जागा ठरवायची. भलत्या बाजूने किंवा आडवा छेद घेतला, सांध्यात रक्त उतरलं, गुडघ्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या आसपास ते पसरलं, तर जो पाय वाचला असता तो कापावा लागतो. असे पाय मी पाहिलेत. म्हणून नानांची भीती अगदीच हवेतली नाही, फक्त त्यांनी चुकीचा आरोपी धरलाय. योग्य जागी, योग्य हाताने घातलेल्या जाड सुईने रोग अंगभर पसरत नाही. हे नानांना शांतपणे सांगा, ते ऐकतील.
‘जमलं तर गाठ काढून टाकतो’ याचं मला बायोप्सीपेक्षा जास्त भय वाटतं. ही गाठ हाडातून खरवडून निघत नाही. भोवतीच्या निरोगी मांसाच्या आवरणासकट हाडाचा तो तुकडा एकसंध काढावा लागतो, आणि तोही बहुतेकदा केमो दिल्यानंतर.
आजपासून मालीश, शेक, लेप सगळं बंद. पायावर भार नको, कुबड्या घ्या. पोखरलेलं हाड साध्या ठेचेनेही मोडतं, आणि मोडलं की पुढचं सगळं अवघड होतं.
आणखी एक. एक्स-रेवर असं दिसणारं सगळंच कॅन्सर नसतं. हाडाचा जंतुसंसर्ग, टीबी, काही साध्या गाठीही फसवतात. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय केमोचा एक थेंबही कोणी देत नाही.

रेडिओ_मिरजकर
डॉक्टरांच्या पुढे एक तंत्रज्ञ म्हणून भर घालतो. इतकी वर्षं फिल्म धुतल्या, आता कॉम्प्युटरवर बघतो. या रोगात हाडातून बाहेर किरणं फुटल्यासारख्या रेघा दिसतात, आणि हाडावरची पातळ खोळ उचलली जाऊन कडेला त्रिकोण तयार होतो. त्या त्रिकोणाला कॉडमनचा त्रिकोण म्हणतात. दिसला की आम्ही पेशंटला काही बोलत नाही, पण रेडिओलॉजिस्टला लगेच हाक मारतो.
ताई, एमआरआयला जाताना चिठ्ठीवर ‘उजवी पूर्ण मांडी, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत’ असं लिहून घ्या. नुसतं ‘गुडघा’ लिहिलं की सेंटरवाले गुडघ्याचं ठरलेलं पॅकेज करून मोकळे होतात. या रोगात त्याच हाडात वर, मध्ये चांगलं हाड सोडून, दुसरी बारकी गाठ असू शकते. ती हुकली की ऑपरेशनचं सगळं माप चुकतं आणि एमआरआय पुन्हा करायचा खर्च तुमच्या माथी. बायोप्सीच्या आधी एमआरआय करा, कारण सुई गेल्यावर सूज आणि रक्त चित्रात मिसळतं. फिल्म आणि रिपोर्टवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात सीडीच बघतात.

बंड्या_सोमवारपेठ
वाचून घाबरलो. माझी मुलगी नऊ वर्षांची, रात्री पाय दुखतात म्हणून रडते. कोणत्या दुखण्याला घाबरायचं? आणि पडल्याने कॅन्सर होतो का?

अस्थिपंजर
बंडोपंत, वाढीच्या वयातलं नेहमीचं दुखणं दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी किंवा रात्री येतं, चोळलं की बरं वाटतं, आणि सकाळी पोरगी उड्या मारत शाळेत जाते. एकाच पायात, एकाच ठिकाणी, आठवडेच्या आठवडे, वाढत जाणारं, झोप मोडणारं दुखणं, त्यात सूज किंवा लंगडणं असेल तर एक्स-रे काढायचा. दोन बाजूंनी काढलेला साधा एक्स-रे फार काही महाग नसतो, आणि पहिला संशय बहुतेक वेळा तिथेच येतो.
पडल्याने कॅन्सर होत नाही. पडल्यावर त्या जागेकडे लक्ष जातं, किंवा आधीच पोखरलेलं हाड पडल्यावर जास्त दुखतं. ऑस्टिओसार्कोमा बहुधा हाडं झपाट्याने वाढायच्या वयात होतो, आणि जास्त करून गुडघ्याभोवती, म्हणजे मांडीच्या हाडाचं खालचं टोक किंवा नडगीचं वरचं टोक. त्याखालोखाल दंडाचं वरचं टोक. बहुतेकांत कारण सापडत नाही. थोड्या घराण्यांत जनुकीय दोष असतो, तान्हेपणी रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कॅन्सर झालेल्यांना धोका जास्त, आणि पूर्वी रेडिएशन घेतलेल्या हाडातही होऊ शकतो.

निसर्गमित्र
हे सगळं रासायनिक खतं, मोबाईल आणि पिशवीतल्या दुधामुळे. आपल्या पूर्वजांना कुठे होते असले रोग? गव्हांकुराचा रस, गोमूत्र अर्क आणि कडुनिंब तीन महिने द्या, गाठ विरघळते. माझ्या ओळखीत उदाहरण आहे. केमोने पोरगं मरेल.

ओवीची_आई
निसर्गमित्र, तीन महिने म्हणजे किती असतात हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून इतकं सहज लिहिलंत. या गाठी आठवड्यांत वाढतात. ओळखीतल्या उदाहरणाचा बायोप्सी रिपोर्ट इथे टाका, मग बोलू.

टोरोंटोकर
पूर्वजांचं म्हणाल तर फार मागे जावं लागेल. इथे कॅनडात आल्बर्टामध्ये सेंट्रोसॉरस नावाच्या शिंगवाल्या डायनासोरचं पायाचं हाड १९८९ साली सापडलं. मोडून जुळलेलं हाड म्हणून ते ठेवून दिलेलं होतं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी नंतर सीटी स्कॅन करून आणि पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ऑस्टिओसार्कोमा निघाला. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. हाड साधारण ७.६ कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा पिशवीतलं दूध मिळत होतं की नाही ते तपासून सांगतो.
कृष्णाकाठ, इथे शाळेतल्या प्रत्येक मुलाला टेरी फॉक्स माहीत असतो. १९७७ साली, १८ वर्षांचा असताना, ऑस्टिओसार्कोमामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १२ एप्रिल १९८० ला कृत्रिम पाय लावून तो देशाच्या पूर्व टोकावरून, सेंट जॉन्सहून, पश्चिमेकडे धावत निघाला. रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढं अंतर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर थंडर बे जवळ थांबावं लागलं, रोग फुप्फुसांत गेला होता. जून १९८१ मध्ये तो गेला. त्याच्या नावाची धाव दर वर्षी होते, मुंबईतही होत आली आहे. गोष्ट दुःखद आहे, पण मी सांगतोय ती तेव्हाच्या आणि आताच्या उपचारातला फरक कळावा म्हणून.

अस्थिपंजर
टोरोंटोकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. फुप्फुसं. केमो येण्यापूर्वी आमचे गुरुजन पाय कापत, जखम छान भरे, आणि तरीही पाचांतले चार जण पुढे फुप्फुसांतल्या गाठींनी जात. म्हणजे पाय कापायच्या दिवशीच, स्कॅनवर न दिसणारे कण छातीत पोहोचलेले असत. सत्तरच्या दशकात केमो आली आणि चित्र पालटलं. आज रोग पायापुरताच असताना पकडला आणि उपचार पूर्ण केले तर शंभरातली साठ ते सत्तर मुलं बरी होतात. छातीत गाठी असताना आलेल्यांत हा आकडा बराच खाली येतो, पण शून्य होत नाही. मोजक्या गाठी असतील तर त्याही ऑपरेशनने काढतात.
म्हणून एमआरआयबरोबर छातीचा सीटी आणि बाकीच्या हाडांसाठी बोन स्कॅन किंवा पेट-सीटी लागतो. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज आणि एलडीएच ही दोन एन्झाइम बघतात, या रोगात ती वाढू शकतात. पण वाढत्या मुलांत अल्कलाइन फॉस्फेटेज तसंही जास्तच असतं, त्यावरून ताईने घाबरू नये. आणि ते नॉर्मल आलं म्हणून खूशही होऊ नये.
उपचारांचा क्रम साधारण असा. आधी काही आठवडे केमो, मग ऑपरेशन, मग उरलेली केमो. सगळं मिळून जवळपास वर्षाची बेगमी करा. ॲड्रियामायसिन आणि सिस्प्लॅटिन ही मुख्य औषधं. पाश्चात्य देशांत त्यांना मोठ्या मात्रेतल्या मेथोट्रेक्सेटची जोड देतात. त्यासाठी रक्तातली औषधाची पातळी वरचेवर मोजावी लागते. टाटा मेमोरियलने मेथोट्रेक्सेट वगळून आयफॉस्फामाइड घेतलेली स्वतःची पद्धत बसवली आहे. तेव्हा इंटरनेटवरचं अमेरिकन वेळापत्रक आणि पोराच्या कागदावरचं वेगळं दिसलं तर डॉक्टरांशी भांडू नका.
काढलेल्या हाडात किती पेशी केमोने मेल्या ते पॅथॉलॉजिस्ट मोजतो. ९० टक्क्यांच्या वर असतील तर उत्तम.
ऑस्टिओसार्कोमा रेडिएशनला फारशी दाद देत नाही, ते ऑपरेशन शक्य नसेल तिथे राखून ठेवतात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. ताईला वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न: पाय राहील का?

अस्थिपंजर
चांगल्या केंद्रात दहांतल्या आठ-नऊ मुलांचा पाय वाचवता येतो. काढलेल्या हाडाच्या जागी धातूचा मोठा सांधा बसवतात, त्याला मेगाप्रोस्थेसिस म्हणतात. भारतीय बनावटीचे मिळतात, परदेशी सांध्याच्या मानाने बरेच स्वस्त. १४ वर्षांचा मुलगा अजून वाढणार, म्हणून लांबवता येणारा सांधाही असतो. तो हाडांची वाढ किती शिल्लक आहे ते बघून ठरवतात.
लहान मुलांत आणखी एक शस्त्रक्रिया करतात, रोटेशनप्लास्टी. गुडघ्याचा भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून वर जोडतात, म्हणजे घोटा गुडघ्याचं काम करतो आणि त्याखाली कृत्रिम पाय. दिसायला विचित्र, आईबाप पहिल्यांदा फोटो बघून हादरतात. पण ही मुलं पळतात, फुटबॉल खेळतात, आणि सांधा सैल होण्याची कटकट आयुष्यभर नसते. कोणी हा पर्याय मांडला तर लगेच झिडकारू नका.
आणि पाय काढावाच लागला, तर तो जीव वाचवायला काढलेला असेल. काही मुलांत तोच बरोबर निर्णय असतो.

ओवीची_आई
ताई, आता मी लिहिते. माझ्या मुलीला युइंग सार्कोमा होता. हा वेगळा प्रकार, पण याच वयातला. तिला ताप यायचा, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला, मांडी सुजलेली. एका ठिकाणी हाडात पू झालाय म्हणून बराच काळ अँटिबायोटिक चालले. शेवटी उघडलं तर आतलं खरंच पुवासारखं दिसत होतं. नशीब, तिथल्या तरुण डॉक्टरने ते जंतूंच्या तपासणीला पाठवताना थोडं पॅथॉलॉजीलाही पाठवलं. दोन्हीकडे पाठवायला नेहमी सांगा. मग जनुकांची एक तपासणी झाली. या रोगात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन चिकटलेले असतात, त्यावरून नक्की झालं. युइंगला केमो आणि रेडिएशन दोन्ही लागू पडतात.
तिचं हाड ऑपरेशनमध्ये बाहेर काढलं, गाठ साफ केली, त्या हाडाला ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) रेडिएशन एका दमात दिलं आणि तेच हाड पट्ट्या-स्क्रूंनी परत जागेवर बसवलं. तोवर ती टेबलावरच भूल देऊन झोपलेली. माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगतात, ‘घरचंच हाड, पापडासारखं भाजून परत लावलंय.’ प्रत्येकाला हे जमत नाही, हाड पोखरून अगदी पोकळ झालं असेल तर उपयोग नाही.
केमोचं सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. ॲड्रियामायसिन लाल असतं, त्यानंतर लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. आम्ही पहिल्या रात्री अख्खा वॉर्ड जागा केला होता. तोंड सोलवटतं, मीठ-सोड्याच्या गुळण्या पहिल्या दिवसापासून सुरू करा, फोड यायची वाट बघू नका. घरात चांगला डिजिटल थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटल गाठायचं. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी खाली असताना जंतू काही तासांत पोराला लोळवतात. कराडहून मुंबई लांब, तेव्हा जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात अशा वेळी न्यायचं हे आधीच ठरवून, फाईलची झेरॉक्स तिथे देऊन ठेवा. खायला ताजं, गरम, घरचं. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा रस, पाणीपुरी नको. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच चहा देऊन पाठवा, पुढचं पुढे.
सिस्प्लॅटिनने कान जाऊ शकतात, म्हणून ऐकण्याची तपासणी. ॲड्रियामायसिनने हृदयाला त्रास होऊ शकतो, म्हणून टू-डी इको, हृदयाची तपासणी. दोन्ही वेळोवेळी होतायत ना याकडे लक्ष ठेवा.

परळकर
एक नाजूक पण तातडीची गोष्ट. मुलगा १४ चा आहे. केमोने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. पहिल्या केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवता येतं. डॉक्टर गडबडीत विसरले तर तुम्ही विचारा. पहिल्या डोसनंतर विचारून उपयोग नाही.
बाकी व्यवहाराचं. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, मुलांच्या हाडांच्या कॅन्सरचा अनुभव तिथे मोठा. खारघरलाही त्यांचं केंद्र आहे. पुण्यातही हाडांच्या कॅन्सरचे सर्जन आहेत. कुठेही जा, पण सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात ना, एवढं विचारा.
महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी मूळ रेशनकार्ड, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार घेऊन जा. नावात एक काना इकडचा तिकडे असेल तर गावातच दुरुस्त करून निघा, मुंबईत त्यापायी दिवस जातात. मुलासाठी आणि आईवडिलांसाठी सेंट ज्यूड केंद्रांत मोफत राहायची सोय होते, त्यासाठी हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात नाव घालावं लागतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथेही विचारा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि एका सोबत्याला सवलत मिळते, फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून घ्या. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री कराडहून बसलात तर सकाळी दादरला उतराल.

सदाशिवकाका_६७
धाग्यात घुसतो, क्षमस्व. पाठ सहा महिने दुखते आहे. हिमोग्लोबिन ८.९, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं. डॉक्टर म्हणतात वय झालं. डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी रोज चालू आहे. मलाही हाच रोग असेल का?

अस्थिपंजर
काका, बहुधा हाच नाही. तुमच्या वयात हाडात कॅन्सर सापडला तर तो बहुधा दुसरीकडून आलेला असतो: प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी, थायरॉइड, बायकांत स्तन. किंवा मग मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. पाठदुखी, कमी रक्त आणि क्रिएटिनिन हे तिन्ही एकत्र आले की ‘वय झालं’ म्हणून भागत नाही. डायक्लोफिनॅक आजच बंद करा, ते किडनीला आणखी मारतं. रक्तातलं कॅल्शियम, सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन या तपासण्या या आठवड्यात करा आणि रक्तविकारतज्ज्ञाला भेटा. नेहमीचा बोन स्कॅन मायलोमात बऱ्याचदा कोरा येतो, त्यावर भिस्त ठेवू नका. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, मणक्यात नस दबली असू शकते.
मायलोमा निघालाच तर बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डेक्सामेथासोन अशी औषधं आहेत, रोग बहुधा मुळासकट जात नाही पण कित्येक वर्षं आटोक्यात राहतो. हाडं बळकट करायचं झोलेड्रॉनिक ॲसिड सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या. नंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडायची भीती असते.

निसर्गमित्र
मी फक्त पूरक म्हणून सुचवलं होतं.

ओवीची_आई
‘गाठ विरघळते’ आणि ‘केमोने मरेल’ हे पूरक नसतं. केमो चालू असताना काहीही काढा, अर्क द्यायचा असेल तर डॉक्टरांना बाटली दाखवून. लिव्हर, किडनी आधीच ओझ्याखाली असतात.

कृष्णाकाठ
मंडळी, खबर देते. नाना स्वतः बरोबर आले होते. अस्थिपंजर काकांचं ‘चुकीचा आरोपी’ त्यांना फार पटलं, येताना गाडीत सगळ्यांना तेच ऐकवत होते. मिरजकर दादा, सेंटरवाले खरंच गुडघ्याचाच एमआरआय करत होते, चिठ्ठी दाखवून पूर्ण मांडीचा करून घेतला. वर दुसरी गाठ नाही. बायोप्सी सुईनेच झाली, टिकलीएवढी खूण, भोवती पेनाने गोल करून दिलाय. रिपोर्ट ऑस्टिओसार्कोमाच आला. छातीचा सीटी स्वच्छ आहे. परळकर दादा, ते नाजूक कामही झालं, दाजींनीच त्याच्याशी बोलून घेतलं. सोमवारपासून केमो. पोराला सगळं खरं सांगितलंय. त्याने डॉक्टरांना एकच विचारलं, कबड्डी कधी? ते हसून पुढे गेले. इथे कोणी खरं सांगेल का?

अस्थिपंजर
धातूचा सांधा बसला तर कबड्डी नाही. पकडीत पाय पिरगळला तर सांधा खिळखिळा होतो किंवा त्याच्या शेजारचं हाड मोडतं. पोहणं, सायकल, चालणं चालेल. रोटेशनप्लास्टीवाली मुलं मात्र मैदानावर पुष्कळ काही खेळतात. त्याला दोन्ही शस्त्रक्रियांचे व्हिडिओ दाखवायला सर्जनला सांगा आणि निवडताना त्याचंही मत घ्या. तो पाय त्याचा आहे.